उसन्या सीरमचा काळ

पनवेलचा इतिहास लिहिणारे खाडीतले बंदर, तांदळाचा व्यापार, १८५२ सालची नगरपालिका आणि पुराणिकांनी १८७२ साली सुरू केलेला धूतपापेश्वरचा औषध कारखाना यांची नोंद आवर्जून करतात. अलीकडे त्यात महानगरपालिका आणि विमानतळ यांची भर पडली आहे. या यादीत आणखी एक गोष्ट यायला हवी, असे मला वाटते. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत, खारघरच्या डोंगरांच्या पायथ्याशी टाटा मेमोरियल सेंटरची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. परळच्या टाटा रुग्णालयातला मज्जारोपण विभाग २००७ साली तिथे हलला. रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण आणि त्याला मूळपेशी देणारा दाता यांच्या ऊती जुळतात का, हा प्रश्न तेव्हापासून पनवेल तालुक्यातल्या एका आवारात सोडवला जातो आहे. आज तो डीएनए वाचून सोडवतात. पन्नास वर्षांपूर्वी तो दुसऱ्या कुणाच्या तरी रक्तातले सीरम वापरून सोडवावा लागे. या बदलाने तपासणी अधिक अचूक झाली, एवढेच पाठ्यपुस्तके सांगतात. ते खरे आहे, पण आपल्यापुरते पाहिले तर त्यात मुख्य गोष्ट सुटते. डीएनए पद्धत येईपर्यंत इथल्या माणसांचे ऊतीप्रकार बऱ्याच अंशी परक्या माणसांच्या रक्ताने ठरवले जात होते. डीएनएमुळे ते पहिल्यांदा जसे आहेत तसे दिसले. आणि दिसल्यावर हेही कळले की आपल्या रुग्णांचा खरा अडथळा आता प्रयोगशाळेत उरलेला नाही.

माणसाच्या सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एचएलए या जनुकांचा पुंजका असतो. या जनुकांनी घडवलेली प्रथिने शरीरातल्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर बसलेली असतात आणि आपले कोण, परके कोण हे प्रतिकारशक्ती त्यांच्यावरूनच ओळखते. रोजच्या व्यवहारातले रक्तगट हाताच्या बोटांवर मोजता येतात. एचएलएचे आजवर नोंदवलेले प्रकार चाळीस हजारांच्या पुढे गेले आहेत. या विश्वाचा पहिला धागा पॅरिसच्या झाँ दोसे यांना १९५८ साली सापडला. वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णांच्या सीरममध्ये इतरांच्या पांढऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे असतात, असे त्यांना दिसले. त्याच सुमारास लायडनचे योन फान रूड आणि स्टॅनफर्डच्या रोझ पेन यांना तशीच प्रतिपिंडे अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात आढळली. गर्भाचे अर्धे एचएलए वडिलांकडून आलेले असते, म्हणजे आईच्या शरीराला ते परके. काही स्त्रियांचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती वर्षानुवर्षे रक्तात टिकतात. पुढची तीस वर्षे जगभरची ऊतीजुळणी या मातांच्या सीरमवर उभी राहिली. दोसे यांना १९८० चे नोबेल मिळाले. त्या मातांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

तपासणीची पद्धत घडवली लॉस एंजेलिसच्या पॉल तेरासाकी यांनी, १९६४ साली. तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची पट्टी, तिच्यात बारीक खळग्यांच्या रांगा. प्रत्येक खळग्यात तेलाच्या पातळ थराखाली एक मायक्रोलिटर सीरम, प्रत्येक सीरम वेगळ्या बाईचे. त्यात तपासायच्या माणसाच्या जिवंत लिम्फोसाइट पेशी सोडायच्या, अर्धा तास थांबायचे, मग सशाच्या रक्तातून काढलेले कॉम्प्लिमेंट हे प्रथिनांचे मिश्रण घालायचे. सीरममधले प्रतिपिंड पेशीवरच्या प्रथिनाला चिकटले असेल तर कॉम्प्लिमेंट पेशीच्या आवरणाला भोके पाडते, रंगद्रव्य आत शिरते आणि मेलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेली, काळपट दिसते. जिवंत पेशी चकाकत राहते. तंत्रज्ञ प्रत्येक खळगा पाहून मेलेल्या पेशींच्या प्रमाणावरून १ ते ८ असे गुण देई आणि सगळ्या खळग्यांच्या नक्षीवरून त्या माणसाचा प्रकार ठरे. ही पद्धत खरोखर मोलाची होती. १९६९ साली पटेल आणि तेरासाकी यांनी २२५ मूत्रपिंडरोपणांचा हिशेब मांडला. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशी मारणारी प्रतिपिंडे आधीच होती अशा ३० जणांपैकी २४ जणांचे नवे मूत्रपिंड तत्काळ निकामी झाले. तशी प्रतिपिंडे नसलेल्या १९५ जणांत हा आकडा फक्त ८ होता. शस्त्रक्रियेआधी क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचे सीरम आणि दात्याच्या पेशी एकत्र आणून पाहण्याची चाचणी, करायचाच, हा नियम त्या हिशेबातून आला आणि तो आजही मोडला जात नाही.

तरी या पद्धतीच्या मुळाशी काही बंधने होती आणि ती आपल्याकडे जास्त जाचक ठरली. पेशी जिवंत हवी, म्हणजे रक्त ताजे हवे. कोकणातल्या गावातून काढलेला नमुना उन्हातून मुंबईला पोहोचेपर्यंत पेशी मरू लागल्या तर पट्टीवर सगळेच खळगे काळे. ज्याला मज्जारोपणाची सर्वांत जास्त गरज, त्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाकडे निरोगी लिम्फोसाइट पुरेशा असतीलच असे नाही. एचएलएच्या डीआर या जनुकाचे प्रकार पाहायचे तर लिम्फोसाइटमधल्या बी पेशी वेगळ्या काढाव्या लागत. ते काम किचकट आणि निकाल डळमळीत. पण या अडचणी कौशल्याने कमी करता येण्यासारख्या होत्या. मोठी अडचण सीरमचीच होती. एखाद्या प्रकाराविरुद्धचे सीरम मिळायचे तर तो प्रकार त्या समाजात पुरेसा आढळायला हवा, त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवलेली आई सापडायला हवी आणि कुणीतरी तिचे सीरम जपून ठेवायला हवे. बाजारात आलेल्या तयार पट्ट्या मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या सीरमच्या होत्या. आपल्याकडच्या काही प्रयोगशाळांनी स्थानिक बाळंतिणींचे सीरम गोळा करून तपासण्याचा मोठा खटाटोप केला; त्या कामाची कदर फारशी झालेली नाही. पण जगात मान्य झालेले प्रकार हेच ज्या पद्धतीचे गृहीत, तिला त्या प्रकारांपलीकडचे काही असेल तर ते रिकाम्या जागेसारखे किंवा जवळच्या एखाद्या प्रकारासारखे दिसणार.

स्थानिक रक्त परक्या साच्यात बसत नाही, याचा अनुभव मुंबईला आधीच आलेला होता. १९५२ साली परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या तज्ज्ञांबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. साध्या चाचणीत ‘ओ’ वाटणारे काही रक्त ‘ओ’ नव्हतेच. त्यात ‘एच’ हा पायाभूत घटकच नव्हता. तोच बॉम्बे रक्तगट. अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त दिले तर त्याचा जीव जाऊ शकतो. त्यांनी तो शोधला, कारण न जुळणारा निकाल चूक म्हणून फेकून न देता त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. भाटियांनी पुढे रक्तगटांच्या संदर्भकेंद्राचे काम उभे केले. केईएम रुग्णालयाच्या आवारातली आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था ही त्याच परंपरेतली. ऊतीप्रकारांच्या बाबतीत असाच शोध लागायला मात्र आणखी पन्नास वर्षे गेली.

एवढा उशीर का झाला, याचे कारण पहिल्या मज्जारोपणांच्या स्वरूपात आहे. २० मार्च १९८३ रोजी टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले मज्जारोपण केले. रुग्ण रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. अडवाणींनी हे तंत्र सिएटलला, पुढे नोबेल मिळवलेल्या डॉनल थॉमस यांच्या केंद्रात पाहिले होते. भावंडांमध्ये एचएलएचा अख्खा गठ्ठा आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा येतो. आईचे दोन, वडिलांचे दोन, म्हणजे मुलांत चारच जोड्या शक्य. म्हणून कोणत्याही दोन सख्ख्या भावंडांचे पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. या चार जोड्या एकमेकींपासून ओळखायच्या तर बोथट चाचणीही बहुतेकदा पुरते. सीरमने दोघांचा प्रकार ‘ए२’ म्हटला आणि दोघांनी तो आईच्या एकाच गठ्ठ्यातून घेतलेला असेल, तर आतला बारीक तपशील कळला काय, न कळला काय, तो सारखाच असणार. भारतातली मज्जारोपणे पहिली बरीच वर्षे भावंडांचीच होती, त्यामुळे सीरमची उणीव झाकलेली राहिली. ज्यांचे भावंड जुळले नाही, अशा कितीतरी रुग्णांसाठी परका दाता शोधायची वेळ आली, तेव्हा ती उघडी पडली. परक्या माणसाचा ‘ए२’ आणि रुग्णाचा ‘ए२’ एकाच घरातून आलेले नसतात.

डीएनएची सुरुवात संथ झाली. ऐंशीच्या दशकात एन्झाइमने डीएनए कापून, तुकडे जेलवर पसरून, किरणोत्सारी खुणेने ओळखण्याची आरएफएलपी ही पद्धत आली. निकालाला एक-दोन आठवडे लागत. मरणोत्तर मिळालेले मूत्रपिंड तेवढे थांबत नाही. तरीही हायडेलबर्गच्या गेरहार्ड ओपेल्झ यांच्या गटाने हे दाखवून दिले की सीरमवर ठरवलेल्या डीआर प्रकारांत चुकांचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. खरी कलाटणी पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पद्धतीने, दिली. कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत कॅरी मलिस यांनी ती १९८३ मध्ये सुचवली आणि १९८६ साली तिथल्याच सैकी, बुगावान, अर्लिक आदींनी तिच्या पहिल्या उपयोगांपैकी एक म्हणून एचएलएचे जनुक वाचून दाखवले. १९९२ साली स्वीडनच्या ओलेरुप आणि सेटरक्विस्ट यांनी तर डीआर प्रकार दोन तासांत सांगणारी पद्धत दिली. तिची कल्पना सोपी आहे. प्रत्येक प्रकारासाठी वेगळा प्रायमर, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा, बनवायचा. तो तंतोतंत जुळला तरच डीएनएच्या प्रती निघतात. नळ्यांमधला ऐवज जेलवर पळवून अतिनील प्रकाशाखाली धरला की प्रत्येक रांगेत वर एक पट्टा उजळतो. तो चाचणी नीट झाल्याची खूण. काही रांगांत त्याच्या खाली दुसरा पट्टा उजळतो आणि तोच त्या माणसाचा प्रकार सांगतो. पट्टा आहे किंवा नाही. १ ते ८ गुण द्यायला जागाच उरत नाही. पेशी जिवंत असायची गरज नाही, रक्त ताजे असायची गरज नाही, गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळाही चालतो. पुढे जनुकाचा संबंधित भाग अक्षरशः वाचण्याची पद्धत रूढ झाली आणि गेल्या दशकात नव्या यंत्रांनी संपूर्ण जनुके एकदम वाचायला सुरुवात केली.

या सोयींपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रायमर किंवा अक्षरे वाचणारे यंत्र कुणाच्या गर्भारपणावर अवलंबून नाही. जी अक्षरे आहेत ती दिसतात, मग ती पॅरिसला कुणी पाहिलेली असोत वा नसोत. दिल्लीच्या एम्समधील नरिंदर मेहरा यांच्या गटाने २००१ साली भारतीयांमधल्या ‘ए२’चा डीएनए तपासून प्रसिद्ध केला. युरोपीय वंशाच्या लोकांत ‘ए२’ म्हणजे बहुतेक वेळा ए*०२:०१. भारतीयांत मात्र ए*०२:११ हा प्रकार सर्वांत जास्त आढळला. सीरमच्या पट्टीवर दोन्ही ‘ए२’च. उरणच्या किंवा पनवेलच्या एखाद्या गावात म्हात्रे शोधायला गेलेल्या माणसाला जशी दर चौथ्या दारावर तीच पाटी दिसावी आणि हवे ते घर कोणते हे मात्र कळू नये, तशी सीरमची स्थिती होती. डीएनएने घराचा क्रमांक सांगितला. हा फरक कागदावरचा नाही. २००७ साली स्टेफनी ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३८५७ परक्या दात्यांच्या रोपणांचा अभ्यास मांडला. डीएनएच्या पातळीवर एचएलएच्या आठांपैकी आठ जागा जुळलेल्या रुग्णांत वर्षभर जगणारे ५२ टक्के होते. सात जुळलेल्यांत ४३ टक्के. एका जागेच्या फरकाने शंभरातले नऊ जीव.

महाराष्ट्रात डीएनए तपासणी कायद्याच्या पुस्तकात मात्र वेगळ्या कामासाठी शिरली. ऐंशीच्या दशकात मुंबई मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीसाठी बदनाम झाली होती. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो या राज्यांत लागू झाला. जिवंत दाता जवळचा नातलग असावा, ही त्याची मुख्य अट. नाते सिद्ध कसे करायचे? १९९५ च्या नियमांनी पायऱ्या घालून दिल्या: आधी सीरमने एचएलए-ए, बी आणि डीआर, मग डीआर आणि डीक्यू जनुकांची आरएफएलपी, तेवढ्याने नाते ठरले नाही तर आईवडिलांचीही तीच तपासणी, आणि शेवटी डीएनएचे आणखी सूक्ष्म प्रोब. ज्या वर्षी हे नियम छापले गेले तोपर्यंत दोन तासांची पीसीआर पद्धत तीन वर्षांची झाली होती, पण कायद्यात आरएफएलपी गोठून बसली. त्याहून मोठी गोष्ट अशी की ऊतीजुळणी इथे वैद्याच्या हातातून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेली. त्या काळात याची गरज नव्हती असे मी म्हणणार नाही. गरिबांची मूत्रपिंडे विकली जात होती आणि खोटे भाऊ उभे केले जात होते; ते थांबवायला हातात जे होते ते वापरले गेले. २०१४ च्या नियमांनी आधी जन्मदाखला, विवाहाचा दाखला अशी कागदपत्रे पाहायची आणि तेवढ्याने समाधान झाले नाही तरच डीएनए चाचणी मागवायची, असा क्रम लावला. तो योग्य आहे. पण मधल्या वीस वर्षांत अनेक कुटुंबांच्या मनात एचएलए म्हणजे नाते खरे की खोटे हे ठरवणारी चाचणी, असा समज पक्का झाला. अनोळखी रुग्णाचा जीव वाचवण्याची वाट म्हणून ती चाचणी लोकांपुढे आलीच नाही.

अशा अनोळखी रुग्णाला जुळणारा दाता कुठे सापडेल, हे समजायला ॲक्ट्रेकचे मूळ पाहण्यासारखे आहे. वसंत रामजी खानोलकर हे टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते आणि १९५२ साली परळला सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे पहिले संचालक. त्या केंद्राचे पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाले आणि शतक उलटताना ते खारघरला येऊन ॲक्ट्रेक झाले. एल. डी. संघवी आणि खानोलकर यांनी १९४९ साली मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांतल्या सात आनुवंशिक लक्षणांची आकडेवारी इंग्लंडच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. एकाच शहरात, एकच भाषा बोलणाऱ्या पण आपापसांतच लग्ने करणाऱ्या गटांत रक्तगटांचे प्रमाण वेगवेगळे आढळते, हे त्यांनी मोजून दाखवले. १९६८ साली इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींबद्दल तशीच तुलना केली. एकाच पायरीवरच्या समजल्या जाणाऱ्या या गटांतही फरक दिसले. रक्तगटांत जे झाले ते एचएलएत कित्येक पटींनी जास्त होते, कारण तिथे प्रकारच हजारो. पनवेल परिसराचेच पाहा. आगरी, कोळी, कातकरी, कराडी, कोकणी मुसलमान, ब्राह्मण, मराठा, दलित आणि एके काळी बेने इस्रायल. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे, आणि त्या समाजातले बहुतेक लोक आज इस्रायलमध्ये राहतात. यांपैकी प्रत्येक गटाने शतकानुशतके बहुतांशी आतच लग्ने केली. एखाद्या आगरी किंवा कातकरी रुग्णाला जुळणारा परका दाता जर्मनीत मिळण्याची आशा किती धरायची?

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. जातींचे असे जैविक कोष्टक मांडणे म्हणजे जातीला विज्ञानाचा शिक्का देणे नव्हे काय? भीती रास्त आहे. विसाव्या शतकात वंशशास्त्राच्या नावाखाली काय काय झाले हे जगाने पाहिले आहे. पण एचएलएचा पुरावा उलट बाजूने बोलतो. गटांत फरक आहे तो प्रमाणांचा. एखादा प्रकार एका गटात शंभरात दहा जणांकडे आणि दुसऱ्यात चार जणांकडे, इतकेच. कोणताही प्रकार कोणत्याही जातीची मालमत्ता नाही. एचएलएच्या काही शाखा इतक्या जुन्या आहेत की त्या माणूस आणि चिंपांझी यांच्यात सामायिक आहेत. जाती, भाषा आणि धर्म यांचा त्या कालमानापुढे हिशेबही लागत नाही. आंतरजातीय लग्नांतून जन्मलेल्या मुलांना मात्र दुर्मीळ जोड्या मिळतात आणि त्यांना दाता शोधणे आणखी अवघड जाते, हेही खरे. त्याचा अर्थ लग्ने जातीतच करावीत असा काढणारा माणूस घोडचूक करतो. दात्यांच्या यादीत सर्व समाज पुरेसे असतील तर अशा मुलांचीही शक्यता वाढते. समाज नोंदवायचा तो एवढ्यासाठी की कोणता समाज यादीतून सुटला हे कळावे. कातकऱ्यांचे नमुने यादीत नसतील तर कातकरी मुलाला दाता मिळणार नाही. हा अन्याय कोष्टक न मांडल्याने नाहीसा होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

दुसरा आक्षेप वैद्यकाच्या आतून येतो. आता औषधे इतकी चांगली झाली आहेत की जुळणीचा आग्रह कशाला? याला आधार आहे, आणि तोही खुद्द तेरासाकींचा. १९९५ साली त्यांनीच दाखवले की नवरा-बायकोने एकमेकांना दिलेली मूत्रपिंडे तीन वर्षांनी ८५ टक्के चालू होती, तर मृत दात्यांची ७० टक्के; आणि नवरा-बायकोंची जुळणी तर जवळजवळ नसतेच. ज्या माणसाने जन्मभर जुळणीचे शास्त्र घडवले त्याने असा निष्कर्ष लपवला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मज्जारोपणातही जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी रोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड देण्याची रीत बसवली आणि आई, वडील किंवा मुलगा यांच्याकडून अर्धी जुळणी असतानाही रोपण करता येऊ लागले. रुग्णांच्या बोलीत हेच ‘हाफ मॅच’. आपल्या देशात ही वाट अनेक रुग्णांना तारते आहे. पण या दोन्ही उदाहरणांत डीएनए तपासणी बाजूला पडलेली नाही. मूत्रपिंडरोपणात रुग्णाच्या रक्तात नेमकी कोणत्या प्रकाराविरुद्ध प्रतिपिंडे आहेत आणि दात्याकडे तो प्रकार आहे का, हे तपासल्याशिवाय कोणी पुढे जात नाही; भारतात तर अनेक बाळंतपणे आणि वारंवार रक्त घेणे यांमुळे अशी प्रतिपिंडे असलेले रुग्ण कमी नाहीत. अर्ध्या जुळणीतही दात्याविरुद्धची प्रतिपिंडे आधी पाहावीच लागतात. शिवाय ज्यांच्या घरात योग्य दाता नाही, आईवडील वृद्ध किंवा आजारी आहेत, त्यांना परक्या दात्यावाचून वाट नाही. औषधांनी जुळणीचा प्रश्न सोपा केला. निकालात काढलेला नाही.

आणि मग खर्च. डीएनए तपासणी महाग, सार्वजनिक आरोग्याचे पैसे क्षयरोग, बाळंतपणे आणि पाणी यांवर खर्च व्हावेत, असे म्हणणाऱ्यांशी माझे मूळ भांडण नाही. पण यंत्र आले आहे, शास्त्र आले आहे, खारघरसारख्या केंद्रांत हाताळणारे हात आहेत. अपुरी आहे ती दात्यांची यादी. २०१४ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त भारतीय रुग्णांविषयी एक अंदाज प्रसिद्ध झाला: तेव्हाच्या जगभरच्या याद्या धरूनही भारतीय रुग्णाला दहापैकी दहा जागा जुळणारा दाता मिळण्याची सरासरी शक्यता १६ टक्के, भारतातच दहा लाख दात्यांची नोंदणी झाली तर ती ६० टक्क्यांच्या आसपास जाते. साडेआठ कोटी लोकसंख्येच्या जर्मनीत नव्वद लाखांहून अधिक दाते नोंदलेले आहेत. आपल्या एकशे चाळीस कोटींच्या देशातली यादी अजून काही लाखांतच आहे. सीरमच्या काळात आपण असहाय होतो, कारण चाचणीचे साहित्यच दुसऱ्यांच्या रक्तातून येई. आता तसे म्हणायला जागा नाही.

म्हणून पनवेलच्या वाचकांना एक विनंती. तुमचे वय १८ ते ५० च्या दरम्यान असेल आणि प्रकृती चांगली असेल तर ‘दात्री’सारख्या नोंदणी संस्थेकडे गालाच्या आतल्या बोळ्याचा नमुना द्या. महात्मा फुले महाविद्यालय, चांगू काना ठाकूर महाविद्यालय, कामोठ्याचे एमजीएम अशा ठिकाणी रक्तदानाची शिबिरे होत असतात. त्याच मांडवात हे काम बसते. आगरी-कोळीवाड्यांतल्या मंडळांनी आणि कातकरी पाड्यांवर काम करणाऱ्या संस्थांनी ते मनावर घेतले तर यादीतले सर्वांत मोठे खिंडार बुजेल. नमुना देण्याआधी घरच्यांशी बोलून घ्या. जुळणी झाल्याचा फोन कदाचित कधीच येणार नाही, किंवा आठ वर्षांनी येईल. आला तर पाच दिवस इंजेक्शने घेऊन, काही तास यंत्राला जोडून घेऊन रक्तातून मूळपेशी द्याव्या लागतात. बहुतेक वेळा हाड टोचावे लागत नाही. त्या वेळी माघार घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण तोवर रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट केलेली असेल तर तुमच्या नकाराने त्याचा जीव जाऊ शकतो. तेव्हा ठाम असाल तरच नाव द्या, आणि दिल्यावर फोन नंबर बदलला तर तो कळवायला विसरू नका.